ट्रीअरमधली खापरं

ट्रीअरला जायचं ठरलं ते माझ्या मुलीमुळे. ती तेव्हा चौथीत होती आणि शाळेत त्यांना रोमन लोक शिकवत होते. वर्गातली बरीच मुलं आईवडलांबरोबर ट्रीअर पाहून आली होती. तिथे रोमन बादशहा राहायचे, ग्लॅडिएटर जिथे लढायचे ती जागा अजून आहे, असं तिने जेवताना एका दमात जर्मनमधून सांगितलं. ऑक्टोबरची सुट्टी तोंडावर आली होती. माझ्या सासूबाई पुण्याहून आलेल्या होत्या, आणि नवऱ्याने त्यांना स्वित्झर्लंड दाखवायचं कबूल केलं होतं. पण त्याच्या ऑफिसातलं सॉफ्टवेअरचं रिलीज पुढे ढकललं गेलं आणि नेमकं त्या सुट्टीतच येऊन पडलं.

"मग आपण तिघीच जाऊ या ना त्या गावाला," सासूबाई म्हणाल्या. "बर्फ काय, फोटोत पाहिलाय मी."

"अहो आई, तिथे काही नाही. पडक्या भिंती आहेत नुसत्या. चालायला खूप लागेल, तुमचे गुडघे दुखतील."

"पडक्या तर पडक्या. गुडघे इथे बसूनही दुखतातच."

नवऱ्याने लगेच फोनवर गाड्या बघायला घेतल्या. मला आणखी काही कारण सुचेना.

खरं कारण मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. जर्मनीत येऊन मला अकरा वर्षं होत आली होती. इतक्या वर्षांत आम्ही आल्प्स पाहिले, पॅरिस पाहिलं, प्रागला दोनदा गेलो. रोमला जायचा विषय निघाला तेव्हा मी व्हेनिस सुचवलं होतं. आम्ही राहतो त्या वाल्डॉर्फपासून गाडीने अर्ध्या तासावर लाडेनबुर्ग नावाचं एक गाव आहे. त्याच्या पोटात एक अख्खं रोमन शहर आहे, हे मला जर्मनीत पाय ठेवण्याआधीपासून माहीत होतं. तिथेही मी कधी गेले नव्हते. मैत्रिणी तिथल्या बाजारचौकात आइस्क्रीम खायला जायच्या, तेव्हा मला काहीतरी काम निघायचं.

लग्नाआधी मी पुण्यात पुरातत्त्व शिकत होते. एम.ए. झालं होतं, पीएच.डी.ला नाव घातलं होतं. थंडीचे महिने आम्ही मराठवाड्यात एका लहानशा नदीच्या काठी, टेकाडावर खणायला जायचो. गावातले लोक त्या टेकाडाला पांढरी म्हणत. शेकडो वर्षांची वस्ती मोडून, तिची राख आणि मातीच्या भिंती मिसळून जी माती होते ती काळ्या रानात पांढुरकी दिसते, म्हणून पांढरी. सातवाहनांच्या वेळचं गाव होतं ते. तिथल्या साध्या खापरांत मधूनच एखादं परकं खापर निघायचं. जाड, लालसर, आपल्याकडच्या कुठल्याच मडक्याशी न जुळणारं. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीहून दारूचे उंच रांजण जहाजांतून कोकणच्या बंदरांत यायचे आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून आत यायचे, त्यांचे ते तुकडे. माझा प्रबंध त्यांच्यावर होता. दुसऱ्या वर्षी मला स्वतःला एक तुकडा सापडला, रांजणाचा कान. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो तळहातावर घेऊन सूर्याकडे धरला आणि त्याच्या तुटलेल्या कडेतले काळे चमकते कण मला दाखवले. त्या दिवशी संध्याकाळी तंबूत परतल्यावर मी जेवायचं विसरले होते.

लग्न ठरलं तेव्हा नवरा वाल्डॉर्फला नोकरीत नुकताच स्थिरावला होता. लिखाण तिकडे बसून करायचं आणि खणायला दर थंडीत महिनाभर भारतात यायचं, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. पहिल्या थंडीत व्हिसाचं काम अडकलं. दुसऱ्या थंडीत मुलगी पोटात होती. त्यानंतर सर निवृत्त झाले, नोंदणीची मुदत संपली. कुणी मला थांबवलं नव्हतं. त्यामुळे कुणावर रागावताही येत नव्हतं. मी जर्मन शिकले, मुलगी कीटाला, म्हणजे इथल्या बालवाडीत, जायला लागली तशी एका छोट्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी घ्यायच्या कामाला लागले. माणसं चांगली होती, काम झेपत होतं. वाईट असं काहीच नव्हतं. फक्त रोमन हा शब्द आला की मी विषय बदलत असे.

तर आम्ही तिघी निघालो. मानहाइमला गाडी बदलली, मग झारब्र्युकेनला. तिथली पुढची गाडी उशिरा होती, म्हणून फलाटावरच्या बाकावर सासूबाईंनी डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मुलीने आजूबाजूला बघत दशमी खाल्ली आणि नंतर आणखी एक मागितली. गाडी झार नदीच्या कडेकडेने जाऊ लागली, तसे दोन्ही बाजूंच्या उतारांवर द्राक्षांचे मळे दिसायला लागले. पानं पिवळी झाली होती.

"इथेही नाशिकसारखंच आहे की," सासूबाई म्हणाल्या.

"ही द्राक्षं रोमन लोकांनी आणली इथे," मी बोलून गेले. मग खिडकीबाहेर बघत राहिले.

ट्रीअरला उतरून सामान पेन्सिओनमध्ये, म्हणजे एका घरगुती लॉजमध्ये, टाकलं आणि आधी ते काळं दार पाहायला गेलो, पोर्टा नीग्रा. शहराची जुनी वेस आहे ती. मोठ्या दगडांची, चुना न वापरता नुसते दगडावर दगड ठेवून बांधलेली आणि शतकानुशतकांच्या धुराने काळी पडलेली. तिच्या पायथ्याशी सिटी बस थांबते आणि माणसं पिशव्या सांभाळत चढतात. सासूबाई मान वर करून बराच वेळ बघत होत्या.

"हे पडलं कसं नाही?" त्यांनी विचारलं.

"एक साधू येऊन राहिला होता इथे. तो गेल्यावर त्याच्यासाठी याचं चर्च केलं, म्हणून लोकांनी दगड नेले नाहीत. बाकी सगळ्या वेशींचे नेले."

मुलगी माझ्याकडे बघत होती.

तिथून आम्ही हळूहळू चालत बादशाही स्नानगृहांपाशी गेलो. तिथे हिरवळीच्या टोकाला एक प्रचंड उंच भिंत उभी आहे, कमानीच्या खिडक्यांची. खिडक्यांत आता काच नाही, पलीकडचं आभाळ दिसतं. खाली जमिनीत बोगद्यासारख्या वाटा आहेत. पाणी तापवायला लाकडं घेऊन फिरणाऱ्या नोकरांसाठी त्या केल्या होत्या. मुलगी एका बाजूने आत शिरायची आणि दुसरीकडून बाहेर यायची. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. मी भिंतीजवळ गेले, आणि हात कधी लावला ते मला कळलं नाही.

दगडाचे थर होते आणि ठरावीक अंतरावर लाल विटांचे पट्टे. विटा आपल्या विटांसारख्या जाड नव्हत्या, चपट्या होत्या, फरशीसारख्या. दोन विटांमधला चुना जवळजवळ विटेइतकाच जाड होता. मी नखाने तो खरवडून पाहिला. त्यात विटेचाच चुरा मिसळलेला होता. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं होतं. हाताने आज बघत होते.

"हे लाल पट्टे कशाला? डिझाइन?" मुलगी मागे येऊन उभी होती. तिने जर्मनमधून विचारलं, मी मराठीतून उत्तर दिलं. आमच्या घरात असंच चालतं.

"डिझाइन नाही. दगड कितीही नीट रचले तरी वरखाली होतात. म्हणून अधूनमधून विटांचे थर देऊन पातळी सारखी करायची, मग पुन्हा दगड. भिंत घट्ट जखडूनही राहते त्याने."

"वोहेर वाइस्ट दू दास?" तुला कुठून माहीत, असं तिचं म्हणणं.

मी काही बोलायच्या आत सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "तिला नाही माहीत असणार तर कुणाला? तुझी आई हेच काम करायची. जमिनीतून जुनी गावं खणून काढायची."

मुलीने आधी आजीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मामा? एख्ट?" खरंच का, असं.

ती मला जर्मन मुलांसारखं मामा म्हणते. सुरुवातीला सासूबाईंना याचं फार हसू यायचं. त्या वेळी मात्र त्या हसल्या नाहीत. मुलीला हे कोणीच कधी सांगितलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही एकदमच जाणवलं असावं. माझे खणायच्या शिबिरातले फोटो पुण्यात आईच्या कपाटात होते. वाल्डॉर्फच्या घरात त्यातलं काहीच नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीसाठी तिची आई म्हणजे हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकणारी बाई होती.

"खरंच," मी म्हटलं. "लग्नाआधी."

"मग मला का नाही सांगितलंस?" हे तिने चक्क मराठीत विचारलं.

"तसा विषय निघाला नाही," मी म्हटलं. तिला ते पटलं नाही हे दिसत होतं.

त्यानंतर तिने मला सोडलं नाही. ग्लॅडिएटरांच्या मैदानात नेलं. डोंगराच्या कुशीत गवताने भरलेलं ते लंबगोल मैदान आहे, वरच्या बाजूला लगेच द्राक्षांचे मळे सुरू होतात. मैदानाखाली तळघर आहे, तिथे ओल होती आणि पाणी ठिबकत होतं. प्राणी कुठून यायचे, लोक कुठे बसायचे, गरीब कुठे, श्रीमंत कुठे, हे सगळं ती विचारत होती. मी सांगत होते आणि सासूबाईही ऐकत होत्या. काही गोष्टी मी पार विसरले होते. काही गोष्टी मात्र मी बोलायला तोंड उघडलं की आपोआप येत होत्या. दुपारभर मी इतकी बोलले की घसा दुखायला लागला.

संध्याकाळी पेन्सिओनच्या खालच्या मजल्यावर आम्ही सूप घेत होतो. मुलगी कोपऱ्यातल्या मांजराशी खेळायला गेली होती. सासूबाईंनी सूपात मीठ घातलं, मग तिखटाची पुडी काढून तेही घातलं आणि म्हणाल्या, "तुला बघायला आलो होतो ना आम्ही, तेव्हा तू त्याच सकाळी बसने आली होतीस, खणायच्या जागेवरून. नखांत माती होती तुझ्या. तुझ्या सासऱ्यांना फार आवडलं होतं ते. परत जाताना रिक्षात म्हणाले, ही मुलगी कामाची आहे."

माझे सासरे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते असताना त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

"मग तू इकडे आलीस. आम्ही फोनवर काय विचारायचो? थंडी आहे का, भाजी मिळते का, व्हिसा झाला का. तुझ्या त्या अभ्यासाचं काय झालं, हे मी एकदाही विचारलं नाही. मी स्वतः टेलिफोन खात्यात तीस वर्षं नोकरी केली. सुटीच्या दिवशीसुद्धा मला करमायचं नाही. मला कळायला हवं होतं."

"आई, तुमचं काय त्यात. राहून गेलं ते. तेव्हा तसंच होतं सगळं."

"बरं, तेव्हाचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "आज दुपारी तुझा चेहरा मी बघत होते. आता काय करायचंय ते बोल."

मी म्हटलं, आता काय होणार. दहा वर्षांत विषय कुठल्या कुठे गेला असेल. इथले लोक इथेच शिकलेले, त्यांची भाषा, त्यांच्या पद्धती. मला कोण विचारतंय. त्या ऐकत राहिल्या. त्यांनी समजूत घातली नाही, सल्लाही दिला नाही. सूप संपवलं आणि मुलीला हात धुवायला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही गावातून उगीच भटकत होतो. एका गल्लीत जुनी इमारत पाडून नवीन फ्लॅट व्हायचे होते. लोखंडी जाळीचं कुंपण घातलं होतं आणि आत मोठा चौकोनी खड्डा होता. बांधकामाचा खड्डा नव्हे हे मला लांबूनच कळलं. त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या आणि कडेला दोऱ्या ताणलेल्या होत्या. ट्रीअरमध्ये कुठेही खणलं तरी खाली रोमन गाव लागतं, त्यामुळे बांधायच्या आधी पुरातत्त्ववाले येऊन जमीन तपासतात.

मी जाळीला धरून उभी राहिले. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत थर दिसत होते. सगळ्यात वर विटांचा आणि काँक्रीटचा राडारोडा. त्याखाली काळपट बागेची माती. मग खाली एक बोटभर जाड काळी रेघ, पूर्ण भिंतभर गेलेली. काहीतरी मोठं जळलं होतं. तिच्याखाली पिवळी दाबून बसवलेली जमीन, कुणाच्या तरी घरातली. मी मुलीला बोटाने एकेक दाखवत होते. कुंपणाला लागूनच एक टेबल होतं. त्यावर प्लास्टिकचे टब होते आणि पन्नाशीची एक बाई लोकरी टोपी घालून दातांच्या ब्रशने खापरं धूत होती.

"एक्स्क्यूज मी, मॅडम," सासूबाईंचा आवाज आला. खात्यात ट्रंक कॉल जोडतानाचा आवाज असावा तो, स्वच्छ आणि खणखणीत. "माय डॉटर-इन-लॉ इज आर्किऑलॉजिस्ट. फ्रॉम पुणे."

इज म्हणाल्या. वॉज म्हणाल्या नाहीत.

"अहो आई," मी हळूच म्हटलं. माझे कान गरम झाले होते.

बाईने वर पाहिलं, हातमोजे काढले आणि जाळीपाशी आली. कुठे काम करता, तिने मला विचारलं. मी जर्मनमधून सांगायला लागले आणि अडखळले. दहा वर्षांत मी जर्मनमध्ये भाड्याचा करार वाचला होता, डॉक्टरांशी बोलले होते, शाळेतल्या बैठकांत मत मांडलं होतं. पण माझ्या स्वतःच्या विषयाबद्दल त्या भाषेत एक वाक्यही कधी बोलले नव्हते. आता करत नाही, मी म्हटलं, पूर्वी भारतात करत होते. मडक्यांवर काम होतं. रोमन रांजणांवर.

"भारतात रोमन रांजण?" तिने टेबलावरून एक तुकडा उचलला आणि जाळीच्या फटीतून माझ्या हातात दिला. "मग हा बघा."

रांजणाचा कान होता. ओला असल्यामुळे रंग नीट दिसत होता, विटकरी लाल. मी तो वळवून तुटलेली कड वर केली. लाल मातीत काळे कण होते, बारीक, काचेसारखे चमकणारे. मला शब्द शोधावे लागले. कानाला हेंकेल म्हणायचं हे मला कॉफीच्या कपामुळे माहीत होतं. तुकड्याला शेर्ब म्हणायचं हे घरात ग्लास फुटतात म्हणून. स्वयंपाकघरातले तेच शब्द घेऊन मी म्हटलं, "हा हेंकेल नेपल्सच्या बाजूचा आहे. मातीत काळी वाळू आहे. व्हेसुव्हिअसची."

"गेनाऊ," ती म्हणाली. अगदी बरोबर. "आणि हेच तुम्ही भारतात पाहिलंत?"

"हेच. नदीकाठच्या एका खेड्यात. मीच काढला होता मातीतून."

ती हसली. "म्हणजे तिकडचे लोकही हीच दारू पीत होते?"

"ते ठरत नाही. पीत असतील, किंवा रिकामे रांजण घेऊन त्यात दुसरंच काही साठवत असतील. तेच शोधायचं होतं मला. राहून गेलं."

"मग शोधा की," ती म्हणाली. सहज म्हणाली, जसं कुणाला बस चुकली तर पुढची घ्या म्हणावं तसं. मग तिने विचारलं, राहता कुठे. वाल्डॉर्फ ऐकल्यावर म्हणाली, "मग तुमच्या शेजारीच लाडेनबुर्ग आहे. तिथे शनिवारी लोक स्वखुशीने येतात. हिवाळ्यात खापरं धुवायला माणसं कमीच पडतात. जाऊन विचारा."

मी तुकडा परत दिला आणि आभार मानले. आम्ही स्टेशनकडे चालायला लागलो.

"काय म्हणाली ती?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, ते खापर कुठलं आहे त्याबद्दल बोललो."

"नाइन," नाही, असं मुलगी मध्येच म्हणाली, आणि मग मोडक्या मराठीत आजीला नीट सांगितलं, "आजी, ती बाई म्हणली, मामा जायला पाहिजे. लाडेनबुर्गला. शनिवारी. धुवायला."

"जाईल," सासूबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकलं. ऐकायला त्याने लॅपटॉप मिटला होता, हे माझ्या लक्षात आहे. तो थोडा दुखावला होता. "मला वाटायचं तुला त्यात आता रस नाही," तो म्हणाला. "आपण कुठे दगड बघायला गेलो की तू कंटाळायचीस."

"कंटाळायचे नाही. बघवायचं नाही मला."

मग तो म्हणाला, शनिवारी मुलीचा पोहायचा क्लास आणि बाजार तो बघेल. आणि त्याने ते खरोखरच केलं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आमच्याकडे पालकाऐवजी त्याच्यासारखाच दिसणारा, जाड देठांचा मांगोल्ड यायचा, पण त्याचीही भाजी चांगली झाली.

लाडेनबुर्गला पहिल्या शनिवारी मी गेले तेव्हा चौकात दाट धुकं होतं. तळघरात एका लांब टेबलाभोवती निवृत्त झालेली पाच-सहा माणसं बसली होती. एक माजी दंतवैद्य होते, ते ब्रश कसा धरायचा यावर सगळ्यांना टोकायचे. काम सांगणारी मुलगी माझ्याहून बारा वर्षांनी तरी लहान होती. तिच्याइतकी असताना मीही असंच कुणाकुणाला शिकवत होते, हा विचार मनात आला आणि थोडा वेळ टोचत राहिला. मग तिने माझ्यासमोर टब ठेवला. गार पाण्यात हात घातला, पहिला तुकडा उचलला आणि त्याची माती निघायला लागली. त्या दिवशी दुपारपर्यंत मी कौलांचे तुकडे धुतले, दुसरं काहीही नाही. घरी आले तेव्हा बोटं सुरकुतली होती आणि मी जिन्यातून गाणं म्हणत वर चढत होते, असं माझी मुलगी सांगते.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जानेवारीत मी दोन वेगळ्या थरांची खापरं एकाच ट्रेमध्ये वाळत घातली. चिठ्ठीवरचा जर्मन अक्षरातला आकडा मी चुकीचा वाचला होता. एकला सातसारखं शेपूट काढतात इथे. काम सांगणारी ती मुलगी रागावली नाही, पण तिचा चेहरा पडला. दोघींनी मिळून, कुठल्या तुकड्याला कुठली माती चिकटली आहे ते बघत, तो ट्रे पुन्हा वेगळा केला. निम्मं झाल्यावर तिने विचारलं, "तुम्ही हे आधी केलंय ना? तुम्ही कड बघता, रंग नाही बघत." मी तिला मराठवाड्यातल्या पांढरीबद्दल सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिने मला धुवायच्या टेबलावरून उठवून वर्गवारीच्या टेबलावर बसवलं.

सासूबाई डिसेंबरच्या सुरुवातीला परत गेल्या होत्या. जायच्या आधी एकदा त्या लाडेनबुर्गला आल्या. दंतवैद्यांना त्यांनी रव्याचे लाडू दिले. जुन्या चर्चभोवतीच्या फरसबंदीत रोमन बाजारपेठेच्या भिंती कुठून कुठे जात होत्या ते आखून दाखवलंय, त्या रेघेवरून काठी टेकत त्या शेवटपर्यंत चालल्या. पुण्याला गेल्यावर माझ्या आईकडे जाऊन त्यांनी कपाटातले शिबिराचे फोटो मागून घेतले आणि मुलीला व्हॉट्सॲपवर एकेक करून पाठवले. एका फोटोत मी कमरेइतक्या खड्ड्यात उभी आहे, डोक्याला पंचा बांधलेला, हातात थापी. मुलीने तो शाळेत नेऊन दाखवला. वर्गशिक्षिकेने मला बोलावलं, आणि मी चौथीच्या वर्गासमोर अर्धा तास उभी राहून बोलले, जर्मनमध्ये. त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर बैलांच्या पाठीवरून दारू घाट चढायची ते.

मार्चमध्ये एका घरमालकाला गॅरेज बांधायचं होतं आणि तिथे खणायची परवानगी आली. लाडेनबुर्गच्या त्या काम सांगणाऱ्या मुलीने मला बोलावलं. खड्डा लहान होता, एका खोलीएवढा. शेजारच्या घरातून कुणीतरी पियानोचा सराव करत होतं आणि एकाच ओळीवर पुन्हापुन्हा अडत होतं. दुपारी ती म्हणाली, पूर्वेकडच्या भिंतीचं रेखाटन तुम्ही कराल का. मी दोरी ताणली, ओळंबा सोडला, आलेखाचा कागद फळीला लावला आणि पेन्सिल हातात घेतली. पहिली रेघ काढायला मला फार वेळ लागला. ती वाकडी गेली म्हणून खोडून पुन्हा काढली. दुसरी जरा बरी आली. चार वाजेपर्यंत भिंत कागदावर उतरली होती. तिने ती शांतपणे तपासली, एका ठिकाणी माती ओली असल्याचं लिहायला सांगितलं आणि खाली सही करा म्हणाली.

आता या उन्हाळ्यापुरतं मला तिथे काम मिळालं आहे. ऑफिसातले दिवस मी कमी करून घेतले. सर अजून पुण्यात आहेत, ऐकायला कमी येतं, पण त्यांच्याशी मी फोनवर बोलले. ते म्हणाले, इटलीतल्या मातीचे जे नवे अभ्यास झालेत ते मी आधी वाचून काढावेत, मग बोलू. तेवढं त्यांनी दोनदा सांगितलं. प्रबंध पुन्हा होईल की नाही ते मला माहीत नाही. वाचायला मात्र सुरुवात केली आहे, सकाळी मुलगी उठायच्या आधी.

शनिवारी संध्याकाळी सासूबाईंचा फोन येतो. थंडीचं, भाजीचं नंतर. आधी विचारतात, "आज काय निघालं?"

परवा मी सांगितलं, "एक खिळा निघाला, आई. लोखंडी. गंजलेला."

"कशाचा असेल?"

"दाराचा असेल, पेटीचा असेल. अजून कळलं नाही."

"बरं. कळलं की सांग," त्या म्हणाल्या, आणि मग विचारलं, मेथी मिळाली का तुला या आठवड्यात.